पिकअपचा ॲव्हरेज

"दादा, ही गाडी डिझेल पीत नाही. डिझेलानं आंघोळ करते," असं म्हणून सर्जेरावभाऊजींनी पिकअपचं बॉनेट धाडकन खाली सोडलं. मी तुळशीला पाणी घालत होते, ते निम्मं माझ्याच पायावर सांडलं.

मी काही बोलले नाही. बोलणार कशी? माझा पाठ व्हायचा होता. सकाळी डोळा उघडल्यापासून देवापुढचा पाठ पुरा होईपर्यंत मी तोंडातून शब्द काढत नसे. संध्याकाळी दिवा लागला की जप होईपर्यंत पुन्हा तेच. लग्नाआधीपासूनचा नेम होता, आणि घरात सगळ्यांच्या अंगवळणी पडला होता. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, तर आल्यागेल्याला कौतुकानं सांगत, "आमची कौसल्या लय गुणाची. भांडायला वेळच गावत न्हाई तिला."

सर्जेरावभाऊजी हे माझे धाकटे दीर. चाकणला कंपनीत सुपरवायझर होते. सुट्टीला गावी आले की चहाच्या आधी काहीतरी मोजायला घेत. कधी विहिरीचं पाणी, कधी गोठ्यातल्या पेंढ्या. त्या दिवशी त्यांनी पिकअप मोजायला घेतली होती.

"आठ," ते म्हणाले. "लिटरला आठ किलोमीटर. शेजारच्या खेस्यांची गाडी हीच, सालपण हेच. ती बारा देते. मग आपले मधले चार जातात कुठं?"

"चढ आहे रस्त्याला," हे म्हणाले.

"चढ खेस्यांना पण आहे."

"त्यांचा चढ उताराचा असंल," आत्याबाई ओट्यावरून म्हणाल्या. थोरल्या लेकाची बाजू घ्यायची म्हणजे घ्यायचीच, मग रस्ता कसाही असो.

भाऊजी हसले नाहीत. त्यांनी सगळं आधीच ठरवून आणलं होतं. पाडव्याला गाडी विकायची. जेजुरीचं गिऱ्हाईक तयार होतं. आमची अंजिरं ठेकेदाराचा टेम्पो येऊन घेऊन जाईल. आणि दादाला कंपनीच्या गेटवर लावायचं. भाऊजींची खोली होतीच. दोघं भाऊ तिथं राहतील, रविवारी गावी येतील.

"गेटवर बसून मी करू काय?" यांनी विचारलं.

"येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मोजायच्या."

"मोजायचं काम तुला जमतं बाबा. मी गाडी चालवणारा माणूस."

"आठच्या ॲव्हरेजनं!"

हे फडक्यानं हात पुसत राहिले. हात केव्हाच स्वच्छ झाले होते. मी तांब्या खाली ठेवला आणि दोन्ही हात हलवून 'नको, नको' अशी खूण केली.

"बघ दादा, वहिनी पण हात जोडून सांगतायत," भाऊजी म्हणाले.

त्या दिवशी पाठ करताना माझं लक्ष देवाकडे कमी आणि अंगणाकडे जास्त होतं, हे देवाला ठाऊकच असणार. शेवटचा नमस्कार झाला तशी मी ओल्या केसांनीच बाहेर आले. हे बागेत निघून गेले होते.

"भाऊजी, पाडवा अजून आठ दिवसांवर आहे," मी म्हणाले. "तोवर गाडीनं बारा दिले तर?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मधे बोलायची सवय त्यांना नव्हती. "दिले, तर गाडी राहिली आणि दादा पण राहिला. माझा शब्द. पण वहिनी, हे काम नवसानं व्हायचं नाही."

"मिस्त्रीला बोलवा की मग," मी म्हणाले.

बाबूलाल मिस्त्री हा आमच्या फाट्यावरचा डॉक्टर. कुठल्याही गाडीखाली शिरला की आतून आधी "अरेरे" असा आवाज यायचा. त्यानं पहिल्यांदा एअर फिल्टर काढला. त्यातून इतकी माती निघाली की आत्याबाई म्हणाल्या, "वाफा करून मेथी टाका." मातीखाली चिमणीनं आणून ठेवलेल्या काड्या होत्या. मग टायर पाहिले. चारही टायरांत हवा कमी. मागचं डावं चाक हातानं फिरेना.

"हिरामणदा, तुम्ही ब्रेक लावूनच गाडी चालवत होता," मिस्त्री खालून ओरडला. "ब्रेक धरून बसलाय. गाडी बिचारी पुढं ओढती, हा मागं ओढतो."

"बिचारी," हे म्हणाले, अगदी मनापासून.

शेवटी मिस्त्रीनं सीटमागचं सामान बाहेर काढायला सुरुवात केली. पहार निघाली, जुनी साखळी निघाली, फुटकी बादली निघाली. मग तो आत वाकला आणि त्याला काही उचलेना. दोघातिघांनी ओढून काढलं, तर दगडी पाटा. वरवंट्यासकट.

आत्याबाई ओट्यावरून उठून आल्या. "माझा पाटा! अरे हा दसऱ्याच्या आधी टकाऱ्याकडनं टाकी लावून, खडबडीत करून आणायला दिला होता. मी म्हणते टकारी पळून गेला का काय! चार बायांपुढं त्याला नावं ठेवली मी!"

"राहिलाच बघ द्यायचा," हे म्हणाले.

"म्हणजे हा रोज अंजिरांबरोबर बाजारात जाऊन परत येतो?" भाऊजींनी विचारलं.

"बाजार तरी बघितला त्यानं," आत्याबाई म्हणाल्या. "मला नेलं न्हाई कधी."

मिस्त्रीनं तेल बदललं, फिल्टर नवा बसवला, ब्रेक मोकळा केला आणि हात झाडून म्हणाला, "आता बघाच." अंजिराचा हंगाम म्हणून भाऊजींनी पाडव्यापर्यंत रजा काढली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी टाकी गळ्यापर्यंत भरली आणि क्रेट लादून स्वतः सासवडच्या बाजाराला गेले. येताना त्याच पंपावर टाकी पुन्हा भरली. अंगणात उतरले ते हसतच.

"बारा! बाराला वर थोडं!"

मी देवापुढे साखर ठेवली. आत्याबाईंनी पाट्यावर चटणी वाटली. हे गाडीच्या चाकाला हात लावून उगाच उभे राहिले. आमच्या घरात त्या दिवशी सण होता.

दुसऱ्या दिवशी हे गाडी घेऊन गेले. टाकी फुल, क्रेट तेवढेच, रस्ता तोच. परत आले, पंपावर भरली, हिशेब झाला. नऊला पण पोचले नव्हते.

तिसऱ्या दिवशी पुन्हा हेच गेले. पुन्हा तेवढेच.

"म्हणजे खोट गाडीत नाही," भाऊजी जेवताना म्हणाले. "खोट ड्रायव्हरात आहे."

यांनी भाकरी मोडली आणि मोडतच राहिले.

"कुठं वाकडी वाट करतोस का, दादा?"

"नाही."

"कुणाचा माल नेतोस?"

"नाही रे."

आत्याबाई पुढे सरकल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "हिरामण, खरं सांग. वाटेत कुणाकडं थांबतोस का? तुझ्या बापाला पण सवय होती वाटेत थांबायची."

"बाबा कुठं थांबायचे?" दोघं भाऊ एकदम म्हणाले.

"भेळीच्या गाड्यावर. मला कधी पुडी आणली न्हाई."

सगळे हसले. हे हसले नाहीत. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या. हे सरळ मनाचे. यांच्या कानाला खोटं लपवता येत नाही.

"मी बसतो उद्या बरोबर," भाऊजी म्हणाले, आणि लगेच स्वतःच मान हलवली. "नको. माझ्यासमोर दादा नीटच चालवील. वहिनी जाऊ दे. वहिनी खोटं बोलत नाहीत, आणि सकाळी तर बोलतच नाहीत."

"तिचा नेम मोडेल," हे घाईनं म्हणाले. इतक्या घाईनं की आत्याबाईंचा घास हातातच राहिला.

"नाही मोडत," मी म्हणाले. "पाठ मी गाडीत मनातल्या मनात करीन."

सकाळी देवापुढे उभी राहिले. मनात काही असलं की आमच्याकडे देवाला कौल लावतात. उजवं फूल पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. मी फूल हातात घेतलं आणि तसंच पायाशी वाहिलं. प्रश्न विचारायचा धीर झाला नाही.

गाडीत हे परीक्षेला बसल्यासारखे ताठ बसले. मी ओठांतल्या ओठांत पाठ म्हणत होते आणि डोळ्यांनी रस्ता तपासत होते. कुठलं घर येतं, कुठल्या वळणावर यांचा हात हलतो. काही नाही. गाडी सरळ चालली. आम्ही कुठं थांबलो नाही, कुणी हाक मारली नाही. बाजाराच्या आवारात शिरून यांनी लगेच इंजिन बंद केलं.

तेवढ्यात एक हमाल डोक्याचं फडकं सारखं करत आला. "हिरामणदा, आज लगेच बंद? बिघडली का काय?"

"क्रेट उचल," हे म्हणाले.

"न्हाई, रोज अर्धा घंटा गाडी चालू ठेवून बसता म्हणून म्हणलं—"

"उचल की क्रेट!"

हे उतरून त्याच्यामागे निघून गेले. माझा पाठ संपत आला होता. तो मी पुरा केला, हात जोडले आणि खाली उतरले. समोरच चहाची टपरी होती. ताराबाई नावाची जाडजूड बाई किटली घेऊन उभी होती. मी म्हणाले, "एक चहा द्या हो. साखर बेतानं."

किटली हवेतच थांबली.

"परत बोल," ताराबाई म्हणाली.

"साखर बेतानं म्हटलं."

"अगं बया!" ती एवढ्यानं ओरडली की दोन गाळ्यांतली माणसं वळली. "हीच ती! टेपातली बाई! ए शिवा, ए गेनू, या हिकडं! टेपातली बाई आली!"

बघता बघता माझ्याभोवती पाचसहा हमाल जमले. मी पदर सारखा केला. काय चाललंय ते कळेना.

"बोला की वहिनी कायतरी," एक जण म्हणाला.

"काय बोलू?" मी म्हणाले.

"तेच! तेच!" सगळे एकदम खूश झाले. "'काय बोलू', अस्संच म्हणतात टेपात!"

ताराबाईनं माझा हात धरला. "आधी एक सांग. त्या मांजराचं पुढं काय झालं?"

"कुठल्या मांजराचं?"

"पिठातल्या!"

मला आठवेना. त्यांच्या तोंडावरची निराशा पाहून मलाच वाईट वाटलं. तेवढ्यात रिकामे क्रेट घेऊन हे आले. आमचा घोळका पाहिला आणि जागच्या जागी थांबले.

परतीच्या वाटेवर आमच्या वाडीच्या अलीकडे चिंचेखाली यांनी गाडी उभी केली. मी काही विचारलं नव्हतं. यांनी सीटखालच्या फडक्यातून एक कॅसेट काढली आणि टेपात सरकवली. इंजिन चालूच ठेवलं.

माझाच आवाज आला. आदल्या साली धाकटी बहीण बाळंत झाली म्हणून मी माहेरी गेले होते. तोवर देवळातल्या बायकांना पाठ म्हणायला अडू नये म्हणून भाऊजींच्या जुन्या टेपवर भरून ठेवला होता. पुढे त्या बायकांना पाठ येऊ लागला. कॅसेट कुठं गेली ते मी कधी विचारलंच नाही.

"केवढा सावकाश म्हणते मी," मी म्हणाले.

"सावकाशच म्हणतेस," हे म्हणाले. "सासवड येतं, तरी तुझा निम्माच झालेला असतो."

आम्ही बसून राहिलो. खाली इंजिन धडधडत होतं. बऱ्याच वेळानं पाठ संपला. मी हात पुढे केला, तर यांनी तो अडवला. "थांब. आहे अजून."

टेपात भांडं वाजलं. मग यांचा आवाज आला, दारातून आल्यासारखा.

"झालं का गं?"

"झालं हो. काय पाहिजे?"

"काय नाही. बोल की."

"काय बोलू?"

"काहीपण."

मग मी हसले होते. मी अशी हसते हे मला ठाऊक नव्हतं. "अहो, आज काय झालं माहितीय का, ती भुरी मांजर नाही का, ती पिठाच्या डब्यात पडली आणि तशीच पांढरी होऊन आत्याबाईंच्या अंथरुणात... आत्याबाईंना वाटलं..." पुढे नुसतं हसू. बोलायला जाते आणि पुन्हा हसते. यांचं पण हसू त्यात मिसळलेलं. आणि खट्. कॅसेट संपली.

मी समोरच्या काचेतून बाहेर बघत राहिले.

"एवढंच ऐकायचं, तर पाठ पुढं ढकलायचा होता की," मी म्हणाले.

यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी यांना चप्पल घालून गाभाऱ्यात जायला सांगितलंय. "तुझा पाठ मधे तोडायचा? मी देवळात न जाणारा माणूस, खरं आहे. पण एवढी छाती नाही माझी."

"मग इंजिन तरी बंद करायचं."

"बॅटरी म्हातारी झालीय. इंजिन बंद करून टेप लावला, की उतरलीच. मग ताराबाईसकट सगळा बाजार धक्का मारायला. झालंय एकदा तसं."

"अहो, पण घरी मी असतेच की—" एवढं म्हणून मी थांबले; हे घरात असतात त्या दोन्ही वेळा माझ्या नेमाच्या.

यांनी गाडी गिअरमध्ये घातली.

अंगणात भाऊजी वाटच बघत होते. आत्याबाई त्यांच्यामागे.

"कळलं का, वहिनी? कुठं जातंय डिझेल?"

"कळलं."

"कुठं?"

"माझ्यावर," मी म्हणाले.

आत्याबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हिच्यावर? ही तर दुसरा कप चहा घेत न्हाई."

"उद्यापासून मी रोज बरोबर जाईन," मी म्हणाले. "पाडव्यापर्यंत. मग मोजा."

"वहिनी, वजन वाढवून ॲव्हरेज वाढत नसतो!"

"पाटा काढलाय ना? त्याच्या जागी मी."

संध्याकाळी दिवा लावताना मी देवाला मनातच म्हणाले, नेम सोडत नाही, तुझी वेळ तेवढी अलीकडे घेते. दुसऱ्या दिवशी यांनी क्रेट लादायच्या आत माझी आंघोळ, पूजा, पाठ सगळं उरकलेलं होतं. गाडीत बसले आणि मी यांना म्हणाले, "चला." यांनी चमकून पाहिलं. त्या वेळेला माझा आवाज यांनी लग्नापासून ऐकला नव्हता.

मी बोलायला सुरुवात केली. खेस्यांच्या सुनेचं भांडण, बहिणीच्या बाळाचे दात, देवळातल्या समईची वात कोण पळवतं ते. कुठं साठलं होतं कुणास ठाऊक. पहिल्या वळणावर यांनी गाडी तिसऱ्या गिअरात टाकली. दुसऱ्या वळणावर दुसऱ्यात. मागून सायकलवरचा दूधवाला आला, कॅन वाजवत आमच्या पुढे गेला आणि वळून नमस्कार पण करून गेला. बाजारात पोचलो, तरी समईचा चोर सापडायचा होता. हे इंजिन चालू ठेवून ऐकत बसले.

त्या दिवशी सात आले.

"सात!" भाऊजी डोकं धरून खाली बसले. "आठ तरी होते की! वहिनी, परवा पाडवा. जेजुरीचा माणूस सकाळी येणार. मी नाही म्हणू कसं त्याला?"

हे परसात जाऊन उभे राहिले. संध्याकाळी जप करताना माझं चित्त काही ठिकाणावर येईना. माळ ओढत होते आणि डोळ्यांपुढे चाकणचं गेट. हे खुर्चीवर बसलेत, गाड्या मोजतायत. कॅसेट तर तिथं वाजणार नव्हती. तिथं गाडीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी टाकी भरली, क्रेट लादले. फाटा ओलांडला तशी मी म्हणाले, "माझ्या मावशीच्या नणंदेची गोष्ट सांगितली का तुम्हाला? एकटी घरात होती. दुपारची वेळ. कुणीतरी कडी वाजवली. तिनं विचारलं कोण, तर बाहेरून उत्तर नाही. नुसतं कण्हल्यासारखा आवाज. तिनं हातात मुसळ घेतलं, दार उघडलं, आणि बघते तर समोर..."

मी खिडकीतून बाहेर पाहिलं.

"कोण?" हे म्हणाले.

"बाजारात पोचल्यावर सांगते."

"अगं, पण होतं कोण?"

"गाडी उभी करा, इंजिन बंद करा, मग सांगते. आधी नाही."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडून मांडीवर ठेवले होते आणि देवळात बसते तशी बसले होते. यांचा हात गिअरवर गेला. तिसरा. चौथा. दूधवाला आला आणि मागे पडला. एका संथ लयीत गाडी चालली, ना कुठं अडली, ना कुठं रेंगाळली. बाजारात शिरताच यांनी किल्ली अशी फिरवली की गाडी उचकी लागल्यासारखी हलून गप्प झाली.

"सांग."

मी सांगितलं. परतीच्या वाटेसाठी दुसरी होतीच.

त्या दिवशी बाराच्या वर आले. भाऊजींनी हिशेब तीनदा केला, पंपावर जाऊन विचारून आले, आणि शेवटी म्हणाले, "बाबूलालनं काम चोख केलंय हां. जरा उशिरा गुण आला एवढंच." पाडव्याला जेजुरीचा माणूस श्रीखंड खाऊन परत गेला. गाडीला हार घातला. भाऊजी चाकणला एकटेच निघाले, आणि जाताना मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही देवाला काय बोललात ते एकदा मला सांगा." मी नुसती हसले.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा निघालो. आता मोजणारं कुणी नव्हतं. मी गोष्ट सुरू केली, रंगात आणली, आणि सवयीनं म्हणाले, "पुढचं इंजिन बंद केल्यावर."

रस्ता अजून निम्मा बाकी होता. दोन्ही बाजूंना नुसत्या बागा. चिटपाखरू नव्हतं. यांनी आरशात पाहिलं, गाडी हळूच कडेला घेतली, आणि किल्ली फिरवली.

"अहो, अंजिरं मऊ पडतील," मी म्हणाले. "आणि चालू नाही झाली तर?"

"ढकलू दोघं," हे म्हणाले, आणि स्टिअरिंग सोडून माझ्याकडे वळून बसले. "केलं बंद. आता सांग."